मास्क किती वेळा धुतले?

हॅलो?… हॅलो! अगं बोल की… मोठ्यानं बोल, कपड्यांचं मशीन चालू आहे. हां, आता येतंय ऐकू.

नाही, नाही गेले कामाला. रजा टाकलीय. दातांचे डॉक्टर कुरकुरले, मदतनीस नसली तर मी खुर्चीवरचा माणूस सांभाळू की दिवा धरू, म्हणाले… अगं बाबांना न्यायचंय, छाती तपासायला. परवाच सांगितलं तुला. तू नुसतं 'हं हं' करत होतीस.

काय?… काय किती वेळा धुतले?… मास्क?

चिमे, लोक फोन करून आधी विचारतात, बाबा कसे आहेत. आणि तू मास्क किती वेळा धुतले विचारतेस!… बरं बरं, विचारणारच होतीस. कळलं.

हो, हो… तुझा अहवाल. उद्या द्यायचाय. कापडी चांगला की वापरून फेकायचा… अगं त्यात लिहायचंय काय? धुतला, वाळवला, पुन्हा घातला. कापडीच चांगला. शेंबड्या पोराला कळतं… नाही? का नाही?

हं… कापूस पिकवायला पाणी… हं… मग गरम पाणी, साबण, वीज… काय सांगतेस! एकदोनदा घालून कपाटात टाकला, तर फेकायच्या मास्कपेक्षाही वाईट?… म्हणजे पुष्कळदा घालायचा, आणि बाकीच्या कपड्यांतच धुवायचा. मग परवडतो… आणि तो निळा?… प्लॅस्टिक? मी आजवर कागद समजत होते! मेला वर्षानुवर्षं कुजत नाही?… पाखरांच्या पायात दोऱ्या… बाई गं.

अगं ऐक ना, बाबांचे कापडीच आहेत. तू शिवून पाठवलेले. पार्सल आलं त्याच दिवशी दिले मी… आता कितीदा धुतले ते मला काय माहीत? मी कामावर असते. ते एकटेच जातात दवाखान्यात वाफ घ्यायला, एकटेच येतात. पण धुतात रोज. बेसिनपाशी उभं राहून खळखळ खळखळ… थांब, विचारते.

बाबा! अहो बाबा, मास्क कितीदा धुतलेत?… खोकतायत. थांब जरा… 'पुष्कळदा' म्हणतायत. लिही पुष्कळदा… आकडा हवा? माझं डोकं हवं का?

रंग उडालाय का? शिवण उसवलीय का? अगं मला निघायचंय! त्यांचे मोजे सापडत नाहीयेत सकाळपासून… बरं बाई, बघते. तू एकदा मागं लागलीस की सुटका नाही.

हं, आले गॅलरीत. टॉवेल… त्यांचा सदरा… सदऱ्यामागं…

अगं बाई!

नाही, पडले नाही. चिमे, दोरीवर निळे मास्क आहेत… माझे! कामावरचे! चिमटे लावून ओळीनं लटकवलेत. मी घरी आले की कचऱ्याच्या डब्यात टाकते गं ते. दिवसभर लोक माझ्यापुढं तोंड वासून बसतात… तेच! डब्यातून काढलेत, धुतलेत! आणि मी यायच्या आत दोरीवरून गायब करत असणार. बघ कसे आहेत!

धुतल्यावर काय होतं?… आतला थर निकामी? म्हणजे चाळणी लावून बसतात की खोकणाऱ्यांच्या रांगेत! छातीचे डॉक्टर काय म्हणाले होते माहितीये ना? पुन्हा संसर्ग झाला तर सरळ भरती करावं लागेल… ओरडू नको? ओरडणारच!

बाबा! हे काय आहे?… 'चांगले आहेत अजून'? 'एकदाच घातलेले'? अहो एकदाच घालायचे असतात!… ऐकलंस? म्हणतायत, धडधाकट वस्तू टाकवत नाही… हसू नकोस हं. लाव ना आता तुझ्या अहवालात. फेकायचे मास्क धुणारा माणूस कुठल्या रकान्यात बसवणार? टाकाऊतून टिकाऊ म्हणे!

मग तुझे कुठायत?… बाबा, चिमीचे कापडी कुठं ठेवलेत?… कपाटात? कुठं, स्वेटरखाली?

सापडली. तुझ्या पार्सलची पिशवी. गाठ तशीच आहे, तू मारलेली. एकाचीही घडी मोडलेली नाही… शून्य. लिही, शून्य वेळा.

बाबा, का नाही घातले?… बघ, मान फिरवून बसले. अहो बोला ना… काय?

थांब चिमे. काहीतरी सांगतायत… हो… हो, बाबा.

ऐक. म्हणतायत, पोरीनं हातानं शिवलेत. ती येईल तेव्हा नवाकोरा घालून स्टेशनवर जाईन तिला घ्यायला… मी नाही पढवलं त्यांना! माझं ते ऐकतात कधी?

अहवाल झाला की येतेस?… नाही, बोलू दे मला. आधी म्हणालीस, प्रदर्शन झालं की येते. मग, मोजमापं संपली की येते. आता अहवाल. पार्सल पाठवलं म्हणजे माणूस आलं असं होत नाही, चिमे… हो, चिडलेय! त्यांना तुझी आठवण येते, आणि मलाही येते. एकटीनं नाही होत गं माझ्याच्यानं.

रडू नको… नाक पूस आधी. फोन देते त्यांना. मास्क घाला म्हणून तूच सांग. आणि येणार असशील तर दिवस सांग, ते 'बघते बघते' नको.

बाबा, घ्या. चिमी आहे… अहो काय शोधताय पिशवीत?… अहो बाबा, फोनवर मास्क कशाला!

चिमे… गाठ सोडली बघ त्यांनी. फुलाफुलांचा काढलाय… हो, घातला. नाकावर छान बसलाय. शिवतेस बरं तू.

बोला, बाबा. मीच धरते फोन… आवाज येत नाही? कसा येईल, आतल्या आत पुटपुटतायत! बाबा, मोठ्यानं!… विचारतायत, कधी येतेस.

…शनिवारी? नक्की?… बाबा, शनिवारी म्हणतेय!

अहो… अहो, रुमाल आहे ना खिशात! काय तुम्ही पण… काही नाही गं. डोळे पुसले त्यांनी. त्याच मास्कनं. वर नाकही.

हो, आता धुवावाच लागणार. बाकीच्या कपड्यांबरोबर, हो, हो, तुझ्याच नियमानं… ठेवते, मोजे शोधायचेत. आणि चिमे, ते शून्य खोड. एक लिही.