दाट रेषा

शबनूर : नकाशा मिळणार नाही. फरहान माझा भाऊ होता आणि नकाशा त्याचा आहे.

उदयसिंह : मोहीम माझी होती की! तिकडं अरुणाचलात डोंगरात मोबाईल चालत न्हाय. ह्या जुन्या कागदाबिगर ती नदी घावत न्हाय. स्टेशनची गाडी दारात हाय, पोरं बसल्यात. आण हिकडं.

कामिल : आपा, दे की! चार माणसांत लाज काढतीस.

शबनूर : तू गप्प बस. एक भाऊ ह्यांनी तिथं ठेवला. दुसरा मी डबा बांधून पाठवू?

उदयसिंह : मी ठेवला? चार वर्सं ऐकून घेतोय! तुझा फरहान न ऐकता पुढं पळाला, घसरला. कामिल ऐकणारा हाय.

शबनूर : मग दाखवा, ह्याला कुठून नेणार. पटलं तर नकाशाही घ्या आणि ह्यालाही न्या.

उदयसिंह : शाळंतल्या बाईनं माझी परीक्षा घ्यायची? वीस वर्सं डोंगरात काढल्यात! बघ. हितं तंबू. ही निळी नदी. हितनं खाली उतरायचं.

शबनूर : इथं तपकिरी रेषा एकमेकींना चिकटल्यात. त्या काय?

उदयसिंह : झाडी. दाट जंगल.

शबनूर : आणि इथं लांब लांब आहेत त्या?

उदयसिंह : तिथं विरळ. धराय काय न्हाय. म्हणून दाटीतनं उतरायचं, झाडं धरत. फरहानलाबी त्येच सांगितलं. ढगात दिसत नव्हतं, म्हटलं, हितनं हो तू पुढं…

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

शबनूर : कामिल, नववीत मीच शिकवलंय तुला. सांग ह्यांना.

कामिल : आपा, नको.

शबनूर : सांग!

कामिल : उदयदा… ह्या रेषा झाडीच्या न्हाईत. उंचीच्या हाईत. लांब लांब असल्या की उतार सोपा. जवळ आल्या की उभा. चिकटल्या की… कडा.

उदयसिंह : छापणाऱ्यानं चूक केली आसंल.

शबनूर : माझ्या भावाला कड्यावर पुढं घातलंत! आणि गल्लीभर सांगत फिरलात, पोरगं उडाणटप्पू होतं म्हणून!

उदयसिंह : आवाज खाली! कामिल, चल. बस गाडीत.

कामिल : बसत न्हाय, उदयदा. टपावर चढतो. पोरांच्या सॅका खाली घ्यायच्यात.