आय हॅव ईटन

दोन हजार चोवीस साल, मार्गशीर्ष, कापसाचा दुसरा वेचा चालू... अन् मी, चौथी शिकलेला बुढा, वावर सोडून अंगणात नातीपुढं इंग्रजी घोकून राह्यलो होतो! कायले? तुम्हाले सांगतो. आमचा पोरगा धम्मरत्न चेन्नईत नोकरीले, त्यानं तिथलीच पोरगी केली. पोरगी चांगली. पण तिले ना मराठी, ना हिंदी. फोनवर मी म्हणतो येस, ती म्हणते ओके, अन् मंग पोरगा सांगते, "बाबा, तिले वाटते तुम्ही रागावले." आता माझं तोंडच असं हाय, त्याले मी काय करू? मी ठरवलं, तिच्या घरी जाईन, अन् मधात कोणी न घेता बोलीन.

नात उर्वशी आर्णीच्या कॉलेजात. म्हणे, "आबा, मामी पहिले विचारन, हॅव यू ईटन? म्हणजे जेवले का?"

"आय ईट."

"हॅव लागते, आबा!"

"जेवलो तर जेवलो, हॅव काहून?"

"जेवण अजून पोटात हाय ना, म्हणून!"

पटलं. मंग बैलामागं आय हॅव ईटन, न्हाणीत आय हॅव ईटन... आमची घरवाली पंचफुला म्हणे, "इतक्यांदा जेवता, अन् भाकरी थापाले मी!"

पोचलो चेन्नईले. दुपार. पोरगा ड्युटीवर. बांधून नेलेल्या भाकरी गाडीतच सरल्या होत्या, अन् घरात सांबाराचा असा वास! सूनबाईनं विचारलं, "अप्पा, हॅव यू ईटन?" मी ताठ उभा राह्यलो. "आय हॅव ईटन!" एक चूक नाही!

आता तुम्हीच सांगा, पाहुणा दारातच 'हो, वाढ' म्हणते का? आपण म्हणतो जेवून आलो, घरची बाई म्हणते असं कसं, आपण नको म्हणतो, ती हात धरून बसवते... तवा कुठं आपण जेवतो! अन् ही म्हणे, "ओह, गुड!" गुड! अन् सांबाराच्या गंजावर झाकण! मी दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसलो. तिनं पंखा लावून देला. हॅव लागते, पण पोटाले काही लागते का नाही?

दिवस बुडता पोरगा आला. "बाबा जेवले?" "ही हॅज ईटन." तो माझं तोंड पाहून हसत सुटला, तिले सारी रीत सांगतली. पोरीच्या डोळ्यात पाणी. म्हणे, "अप्पा, आय ओ यू वन लंच." पोरानं सांगतलं, "बाबा, एक जेवण तिच्याकडं उधार राह्यलं."

उन्हाळ्यात ती आमच्या घरी आली. आल्याबरोबर चुलीपुढं बसली, सांबार रांधला. मी वावरातून आलो. पंचफुलानं वावरातच, धुऱ्यावर बसवून, तीन भाकरी खाऊ घातल्या होत्या. सूनबाई उठली, "अप्पा, हॅव यू ईटन?"

"आय हॅव ईटन." खरंच हो! हॅव पार गळ्यापर्यंत होतं!

"अशं कशं!" म्हणे. मराठीत! हात धरला, पाटावर बसवलं, भाताचा ढीग वाढला. मी म्हणतो, "हॅव, हॅव!" ती म्हणते, "अशं कशं!"

जेवलो. चेन्नईचं जेवण फिटलं.