नावापुढचा शेरा

बोईसरच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर कारखान्यातली कॉम्प्युटरवाली वैष्णवी आणि स्टोअरचे नरहरीकाका बसले होते. एवढं मला तिकीट काढेपर्यंतच कळलं. पुस्तक उघडलं, पण वाचतंय कोण!

“काका, आज दहाला नवी सिस्टिम चालू होणार. जो लॉगिन करेल त्याला त्याच्या नावापुढचा माझा शेरा दिसणार!”

“दिसू दे की. काय लिवलंस?”

“तीन धीरज आहेत, ओळखायला म्हणून लिहिलं. एक ‘कामसू’, दुसरा ‘कामसू दिसतो’.”

“आन तिसरा?”

“‘हा येतच नाही.’”

“अगो बाय! साहेबाला?”

“‘आधी ओरडतात, मग विचारतात.’ पॅकिंगच्या अख्ख्या ग्रुपला ‘पासवर्ड विसरणारी मंडळी’. नोकरी जाईल माझी!”

“मंग पुस ना.”

“काल अर्धेच पुसून झाले. आणि साहेब साडेनऊलाच येऊन बसतात.”

“घाबरू नको. मी साहेबाला च्या पाजत बसवतो, तवर तू पुस.”

“खरंच, काका?”

“तर! आन माझ्यापुढं काय लिवलं व्हतंस?”

“तुमचा शेरा काल सगळ्यात आधी पुसला.”

“आसं? पन व्हता काय?”

“काका, बोईसर आलं.”

“आलं तर आलं. साहेबाला च्या पाजायचा का नाय, ते तू सांगितल्यावर ठरवू.”