पिवळ्या दारापर्यंत

एवारिस्तो : निळं दार. चावरं कुत्रं. चौदा पायऱ्या. मेलेल्या माणसाचं पेन्शन. अंजिराचं झाड. शिंप्याची बायको...

यास्ना : डॉन एवारिस्तो, चालायच्या चाचणीत बोलायचं नाही. दम वाया जातो.

एवारिस्तो : गप्प राहिलो तर पाय थांबतात, पोरी. बत्तीस वर्षं वालपाराइसोच्या टेकडीवर टपाल असंच वाटलंय, दारं पुटपुटत.

यास्ना : एक मिनिट झालं. छान चाललंय. पाच उरली.

एवारिस्तो : गेल्या वेळीही हेच म्हणालीस. दोनशे एकतीस मीटर भरले, नि परत पाठवलंस.

यास्ना : तेवढंच म्हणायची परवानगी आहे मला. 'पळा' म्हटलं तर चाचणी बाद. सहा मिनिटांत अडीचशे मीटर भरले तरच औषधाच्या प्रयोगात नाव. आज शेवटची खेप. तोंड मिटा.

एवारिस्तो : वेताची खुर्ची. तुटका कठडा. बावीस पाय... थांबतो जरा.

यास्ना : भिंतीला टेका. घड्याळ थांबत नाही हं.

एवारिस्तो : फुप्फुसात... काय साचलंय म्हणालीस? म्हाताऱ्या पेशी?

यास्ना : वाढायचं थांबलेल्या. मरतही नाहीत. बसल्या जागी शेजारणींवर विष गाळतात, मग त्याही तशाच होतात. फुप्फुस घट्ट होत जातं. हे औषध त्यांना वेचून काढेल, अशी आशा आहे.

एवारिस्तो : म्हणजे आमच्या कचेरीतला बेलिसारिओ! पत्रं लावेना, घरी जाईना, खुर्चीत बसून नव्या पोरांना आळशी करायचा. द्या हाकलून!

यास्ना : सरसकट वाईट नसतात हो. जखम भरायला अशाच पेशी मदत करतात. बिघडलेली पेशी वाढत सुटली तर कर्करोग, म्हणून ती स्वतःलाच थांबवते. पुढे जागा सोडत नाही, एवढंच दुखणं.

एवारिस्तो : हं. मला ही टेकडी बेलिसारिओनंच शिकवली. चल, सरक बाजूला.

यास्ना : चार झाली. छान चाललंय. दोन उरली.

एवारिस्तो : ओर्तेन्सिया वर, आमच्या पिवळ्या दाराआड, गुडघे धरून. दम पुरेना म्हणून मी खाली बहिणीकडे. मध्ये एकशे एकसष्ट पायऱ्या. चार महिने नवराबायको फोनवर भांडतोय. त्यात काय मजा?

यास्ना : माहीत आहे. म्हणूनच सांगते, गप्प चाला! पाच झाली. छान... छान चाललंय. एक उरलं.

एवारिस्तो : अंजीर. खुर्ची. कठडा. बावीस. एकोणीस. पिवळं...

यास्ना : थांबा! पाऊल हलवू नका. फीत लावते.

(फीत फरशीवर सरकते.)

यास्ना : दोनशे चोपन्न.

एवारिस्तो : पुन्हा मोज.

यास्ना : दोनदा मोजलं. बसा, पाणी घ्या. पण पहिल्या दिवशी सांगितलेलं लक्षात आहे ना? निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती बिनऔषधाची गोळी. कुणाला काय, मलाही कळणार नाही. औषध मिळालं तरी गुण येईलच असंही नाही.

एवारिस्तो : पाकिटात काय आहे, ते टपालवाल्याला कधी कळलंय? तरी दारापर्यंत जायचंच. सही कुठे करू?

यास्ना : इथे. आणि आजच पायऱ्या चढायला जाऊ नका.

एवारिस्तो : आज नाही.

यास्ना : सावकाश लिहा.

एवारिस्तो : पिवळ्या दाराची घंटा अठ्ठ्याहत्तर सालापासून बिघडलेली आहे. हाक मारावी लागते.