शैलजाने मागून घेतलेलं पिस्तूल

मंडळी, मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत. संकोच करू नका.

एवढ्या थंडीत, एवढ्या धुक्यात, कोण गाझियाबादहून, कोण गुडगावहून शैलजाच्या शोकसभेला आलात. आमच्या मुलीच्या, गार्गीच्या वतीने मी आभार मानतो. माझ्या वतीने मानावेत की नाही, हे मला ठरवता येत नाहीये.

मी श्रीकांत टिपणीस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझं इथे उभं राहणं अवघड वाटत असेल. मलाही वाटतंय. शैलजा माझी पत्नी होती, आणि मग नव्हती. आमचा घटस्फोट होऊन पुष्कळ वर्षं झाली. गार्गी म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला." मी म्हणालो, "कोणत्या नात्याने?" ती म्हणाली, "मॅचच्या." म्हणून मी उभा आहे. मॅचच्या नात्याने. तेवढंच बोलणार आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी नोकरीत असल्यापासून एअर पिस्तूल चालवतो. चालवायचो. फार मोठा नेमबाज नव्हतो, पण आपल्या या भागातली दरवर्षीची पिस्तूल स्पर्धा भरवण्याचं काम माझ्याकडे आलं आणि चिकटलं. गाझियाबादेत एका शाळेच्या लांबट हॉलमध्ये आमची रेंज आहे. स्पर्धा म्हटली की लोकांना नेमबाज दिसतात. पण एका नेमबाजामागे माणसं लागतात. कोणी लाइनच्या मागे उभं राहून आज्ञा देतो. कोणी टार्गेटचे कागद गोळा करतो, कोणी गुण मोजतो, कोणी पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन तपासतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं, आणि त्यातलं कोणालाही काही मिळत नाही.

एका वर्षी आमच्याकडे असं झालं की या माणसांपर्यंत जेवण पोचायच्या आत संपलं. खेळाडू जेवले, पालक जेवले, पाहुणे जेवले. ड्युटीवाले उपाशी. वर बक्षीस समारंभात पाहुण्यांची भाषणं झाली, यांचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. कोणी भांडलं नाही. पुढच्या वर्षी मी फोन केले, तर एकेकाच्या घरी लग्न, एकेकाला ताप, एकेकाची ऑडिट पार्टी आलेली. सगळे अगदी गोड बोलले. माणूस एकही मिळेना. आणि पंच पुरेसे नसतील तर त्या स्पर्धेला मान्यता नसते, ती भरवताच येत नाही.

गार्गी तेव्हा खेळायची. तिने आईला सांगितलं असावं. शैलजाचा मला फोन आला. आमच्यात तेव्हा फोन म्हणजे फक्त गार्गीबद्दल. घटस्फोटानंतर ती मला टिपणीस म्हणायला लागली होती. आधी "अहो" होतं. मी तिला शैलजाच म्हणत राहिलो, मला दुसरं काही सुचलं नाही.

ती म्हणाली, "टिपणीस, माणसं मी आणते. पण बक्षिसंही मीच ठरवणार."

मी म्हटलं, "तुला नेमबाजीतलं काय कळतं?"

"काही नाही. माणसांना ड्युटी लावण्यातलं कळतं."

ते खरं होतं. तिचा सगळा जन्म सरकारी ऑफिसात आस्थापनेवर गेला. लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये आपले जे जे मराठी लोक बदली होऊन आले, त्यातल्या निम्म्यांना ती ओळखायची आणि उरलेल्या निम्म्यांच्या बायकांना. तिने फोन केले. मी करायचो तसे नाही. मी म्हणायचो, "या हं, मदत हवी आहे." ती म्हणायची, "जोशी, तुम्ही सकाळी ट्रिगर तपासायच्या टेबलावर बसा. बसून काम आहे. दुपारी जेवलात की मोकळे." माणसाला काय करायचं आणि कधी सुटायचं, हे आधी सांगितलं की माणूस येतो. एवढी साधी गोष्ट. मला सुचली नव्हती.

बक्षिसांवरून मात्र आमचं वाजलं. करोल बागेत ट्रॉफीच्या दुकानात आम्ही दोघं उभे. मी सोनेरी कप बघतोय, ती म्हणतेय, "हे कपाटावर धूळ खाणार. खेळाडूला किट बॅग द्या, चांगले छर्रे द्या, वापरेल." बरं, ते मी ऐकलं. मग म्हणाली, "आणि सगळ्यात मोठं बक्षीस ड्युटीवाल्यांना. नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल त्याला."

मी म्हटलं, "शैलजा, ही स्पर्धा आहे. लॉटरी नाही. बक्षीस गुणांना असतं."

ती म्हणाली, "गुण मोजायला माणूस नसेल तर गुण कुठून आणाल?"

दुकानदार आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, नवरा-बायको आहेत.

मला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. पण माणसं तिच्या हातात होती.

मोठं बक्षीस म्हणजे एक नवं कोरं एअर पिस्तूल. खेळाच्या सामानाचे एक व्यापारी होते, खुराना म्हणू आपण त्यांना. त्यांनी ते द्यायचं कबूल केलं होतं. ते चिठ्ठीने जाणार, ड्युटीवाल्यांतल्या एकाला, हे शैलजाने त्यांना सांगितलं होतं. ते "बिल्कुल, बिल्कुल" म्हणाले होते. ड्युटीवाल्या प्रत्येकालाही तिने सांगितलं होतं.

स्पर्धेचा दिवस उत्तम गेला. ड्युटीवाले सगळ्यांच्या आधी जेवले. त्यांचं पहिलं पान तिने स्वतः उभं राहून वाढलं. कोणाचा गुण चुकला नाही, कोणाची तक्रार नाही. संध्याकाळी पांढरी चादर घातलेल्या टेबलावर बक्षिसं मांडली. मुलींमध्ये पहिली आलेली मुलगी फार छान खेळली होती, वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफरही आला होता. खुरानाजींनी त्याला पाहिलं आणि ते शैलजाजवळ आले. मी शेजारीच होतो.

"मॅडम, पिस्टल तो चॅम्पियन को ही देंगे ना?"

"नहीं जी. आपको बताया था. ड्युटीवालों का है."

"अरे मॅडम, फोटो किस की छपेगी? किसी टीचर की?"

"जिस की चिट्ठी निकलेगी, उस की."

ते हसले. तिला हसू आलं नाही. मग त्यांनी टेबलावरचा खोका उचलून काखेत धरला. "तो फिर मैं ले जाता हूँ."

मला वाटलं, आता ही नमतं घेईल. मी असतो तर घेतलं असतं.

ती म्हणाली, "ले जाइए. चाय पीकर जाइए."

ते चहा न पिता गेले. खोका घेऊन. टेबलावर मधोमध रिकामी जागा राहिली आणि समोर आमची माणसं. दिवसभर उभी राहिलेली. दोघं-तिघं खुर्च्या आवरायला लागले होते, आपल्याला काही दिसलंच नाही असं दाखवत. ते मला आजही दिसतं.

शैलजा माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "टिपणीस, तुमचं पिस्तूल कुठे आहे?"

"गाडीत."

"आणा."

"का?"

"मी शब्द दिलाय सगळ्यांना. तुमच्या मॅचसाठी दिलाय."

मी म्हटलं, "शैलजा, ते माझं आहे."

ती म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडे मागतेय. दुसऱ्या कुणाकडे मला मागता येणार नाही."

आता, ज्यांनी पिस्तूल चालवलेलं नाही त्यांना एक सांगायला हवं. नेमबाजाच्या पिस्तुलाची लाकडी मूठ त्याच्या हातासाठी घडवलेली असते. जिथे कमी तिथे लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरायची, जिथे जास्त तिथे घासायची. हे काम वर्षानुवर्षं चालतं. माझ्या पिस्तुलाची मूठ माझ्याशिवाय कोणाच्या हातात बसत नव्हती. आमचा संसार मोडला, मी दोन घरं बदलली, ती मूठ तेवढी तशीच होती.

मी गाडीपाशी गेलो. किल्ली हातात होती. निघून जावं असं मनात आलं, आणि ते थोडा वेळ राहिलं. मग मी डिकी उघडली, पेटी काढली आणि परत आलो. का आलो? मला विचारू नका. मोठेपणा नव्हता. मला वाटतं, त्या खुर्च्या आवरणाऱ्या माणसांसमोर मला जाता आलं नसतं.

पहिल्या आलेल्या मुलीनेच चिठ्ठी उचलली. नाव निघालं शबाना मुल्ला. शबाना इथे आहे, तिसऱ्या रांगेत. मूळची मिरजेची, इथे शाळेत गणित शिकवते, मिस्टर केंद्र सरकारात. तिने जन्मात पिस्तूल हातात धरलं नव्हतं. दिवसभर गुण मोजले होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शबाना आणि तिचे मिस्टर पेटी घेऊन माझ्या घरी आले. "सर, हे मी नाही ठेवू शकत. तुमचं तुम्हीच घ्या." मी हात पुढे केला होता, मंडळी. लपवण्यात अर्थ नाही. पण शबाना म्हणाली, "फक्त ताईंना एकदा सांगते." आणि तिने शैलजाला फोन लावला. फोनचा आवाज मला ऐकू येत होता.

"शबाना, परत दिलंस तर पुढच्या वर्षी माझ्या शब्दावर कोण येईल? फोन टिपणीसांकडे दे."

मी फोन घेतला.

"टिपणीस, रविवारी काय करता?"

"काही नाही."

"अच्छा. मग तिला शिकवा."

आणि फोन ठेवला. माझं उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

शबानाचा हात माझ्यापेक्षा बराच लहान. ती मूठ तिला धरताच येईना. काही दिवस आम्ही तसंच रेटलं. मग एका रविवारी मी कानस आणली आणि मूठ घासायला बसलो. दुसऱ्या कोणाला मी ते करू दिलं नसतं. शबाना समोर बसून हात पुढे करायची, मी मोजायचो, पुन्हा घासायचो. अंगठ्याची बाजू सगळ्यात जास्त काढावी लागली. लाकडाचा भुगा वर्तमानपत्रावर पडत होता आणि मला काय वाटत होतं, ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आजही सांगत नाही.

शबाना मोठी खेळाडू झाली का? नाही. तिला कधी पदक मिळालं नाही, मिळेलसं वाटतही नाही. माफ कर, शबाना. पण ती खेळते, आणि स्पर्धेच्या दिवशी मात्र खेळत नाही, ड्युटीला येते. त्यानंतर आम्हाला माणसं कधी कमी पडली नाहीत. उलट शैलजाला नाही म्हणावं लागायचं, आणि ते तिला जमायचं नाही. मग ती एका कामाला दोन माणसं लावायची आणि मी चिडायचो.

बऱ्याच वर्षांनी, एका मॅचनंतर आम्ही दोघं चहा घेत होतो. ती म्हणाली, "तुम्ही गाडीपाशी गेलात ना तेव्हा, मी खिडकीतून बघत होते."

मी म्हटलं, "मी निघून गेलो असतो तर काय केलं असतंस?"

ती म्हणाली, "माहीत नाही. घाबरले होते मी."

मला ते कधी वाटलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहिलो, या बाईला भीती वाटते हे मला ठाऊक नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

तुमच्यापैकी काहींना वाटत असेल की यातून आमचं पुन्हा जुळलं. नाही. तसं सांगितलं तर छान वाटेल, पण ते खोटं होईल. एकत्र राहणं आम्हाला जमत नव्हतं, ते नंतरही जमलं नसतं. एकत्र काम करणं जमलं. मी त्याला कमी मानत नाही.

शेवटच्या आजारात मी हॉस्पिटलात जाऊन बसायचो. फार बोलणं नसायचं. गार्गी ऑफिसातून येईपर्यंत कोणीतरी असावं, म्हणून मी. एकदा झोपेतून उठली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जेवलात?" मी हो म्हटलं. खरंच जेवलो होतो. "मग ठीक," म्हणाली, आणि पुन्हा डोळे मिटले. त्यानंतर माझ्याशी ती बोलली नाही.

आता एक कामाची गोष्ट. आपल्या नेमबाजी संघटनेतल्या मंडळींनी सुचवलंय की शैलजाच्या नावाने फिरती ट्रॉफी ठेवावी. त्यांचा हेतू चांगला आहे. गार्गीने आणि मी नको म्हटलंय. कोणी वाईट वाटून घेऊ नका. ट्रॉफीऐवजी एक करा. येत्या स्पर्धेला गार्गीचा फोन येईल. तिला नाही म्हणू नका. नाही म्हणायचंच असेल तर घरात लग्न आहे असं सांगू नका, सरळ नाही म्हणा.

मला रडू आलेलं नाही, हे काही जणांनी पाहिलं असेल. येईल तेव्हा येईल. त्याची वाट बघत मी इथे उभा नाही.

आता आपण उभे राहू. ज्यांना त्रास होतो त्यांनी बसूनच राहा. मौन किती मिनिटांचं, ते मी सांगणार नाही आणि घड्याळाकडेही बघणार नाही. तिची मुलगी पुढे उभी आहे. गार्गी बसेल तेव्हा आपण बसू.