टोक शून्याला टेकत नव्हतं

सुमनवहिनी, आणि मोरेभाऊंच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांनो, मी मुरब्याचा नरेश. कारखान्यात टाक्यांवर भाऊंच्या हाताखाली काम करत होतो. बोलायला उभा राहिलोय, पण भीती वाटतेय. खोटं कशाला सांगू?

कारखान्यात भाऊ माजे वरिष्ठ, आणि रविवारी कुंभवलीच्या समाजमंदिरात गणिताचे सर. बारावीत दोनदा आपटलेला मी त्यांच्यामुळं पास झालो. फळ्यावर ते इंग्रजी व्ही काढायचे. "केवल मूल्य म्हणजे शून्यापासूनचं अंतर. उणे तीन घे नाहीतर तीन घे, उत्तर तीनच. म्हणून रेघ खाली येते, शून्याला टेकते, तशीच वर जाते." मग पुढं 'अधिक दोन' लिहायचे. "आता काय बदललं?" मी म्हणायचो, "काय नाय भाऊ, व्ही तसाच हाय." असे चिडायचे! "अरे, अख्खा व्ही दोन घरं वर गेला! आकार काय बघतोस? टोक बघ, टोक!"

मंडळी, आमच्या टाकीत किती भरलंय ते दाखवणारी यंत्रावरची रेघ पण तशीच. टाकी रिकामी होते, रेघ उतरते. भरते, रेघ चढते. मधे टोक शून्याला टेकायला पायजे. गेला महिनाभर ते टेकत नव्हतं. आधी बोटभर वर, मग वीतभर. तळाला गाळ साचत होता. आणि मी काय केलं? आमच्यात पद्धतच हाय. रिकाम्या टाकीला आकडा दिसला, की बटण दाबून शून्य मारायचं. नोंद साफ दिसते, साहेब विचारत नाय. मी मारलं. रोज मारलं.

मंगळवारी टाकी धुवायची होती. भाऊंनी विचारलं, "नरेश, रिकामी ना रे?" मी म्हटलं, "शून्य हाय, भाऊ." ते उतरले. गाळ हलला, गॅस सुटला. आमी त्यांना वर काढलं, तेवा श्वास नव्हता.

वहिनी, त्यांनी माज्या शब्दावर विश्वास ठेवला. तुमी मला काय बोलाल ते कमीच हाय. पोलिसांनाही मी हेच सांगणार.

आता भाऊंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. पण त्याआधी एक. रफिक, मघाशी दाराशी तू मला विचारलंस, "कल दो नंबर में उतरना है. खाली है ना, नरेशभाई?" आणि मी 'हो' म्हणून मान हलवली. आज, इथं, भाऊंच्या फोटोसमोर मान हलवली.

रफिक, उतरू नको. त्या दोन नंबरच्या टाकीचंही शून्य मीच मारलंय. खाली किती साचलंय, मला म्हाईत नाय.

उभे राहा सगळे.