विमानाची बातमी

रुक्माच्या नवऱ्याला सकाळी भातात साप चावला. वैदूनं पाय बांधला आणि बजावलं, “झोपला तर गेला.” चौघांनी त्याला झोळीतून कॅसलरॉक स्टेशनात आणलं. बेळगावच्या गाडीला मात्र साप चावलेला नसल्यामुळे ती तासभर उशिरा होती. फलाटावर रामनगरचे बाळकृष्णशेट वर्तमानपत्र वाचत होते. रुक्मानं त्यांनाच कामाला लावलं.

“अण्णा, मोठ्यानं वाचा. ह्यांस्नी जागं ठेवायचं हाय.”

“ऑस्ट्रेलियात आता विमान आजाऱ्याला उचलून डॉक्टरकडं नेतं.”

“ऐकलंसा, फुलाच्या बा? इमान!”

“व्हय… झोळी कोन धरतं?”

“कोणी नाही. ते आपलं आपण उडतं.”

“मग चढाला… दम कुनाला लागतो?”

बातमी चारच ओळींची, ती संपली. शेटनी पुढचं मनानंच वाचायला घेतलं.

“विमान डोंगर ओलांडतं. नदी ओलांडतं.”

“फुलाच्या बा? अवो! अण्णा, डोळं मिटलं ह्यांनी. वाचा की!”

“मग ते… तुमच्या जोयड्याकडं वळतं.”

“बोलंनात, अण्णा!”

“आणि उतरतं! थेट फुलाच्या बाच्या शेतात!”

झोळी हलली.

“उभ्या भातात?”

“उभ्या भातात.”

“कोन त्यो मुडदा? कापनीपत्तुर दम न्हाई धरवला त्याला?”

रुक्मानं पदरानं डोळे पुसले.

“अण्णा, आनखी एक उतरवा.”